भर बाजारात पोरगं लोळून राह्यलं, आता काय करू? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

पोळा होऊन गेला, भुलाबाई बसल्यात, सोयाबीन सोंगणीला आलं आणि मागोमाग कापूस फुटणार, म्हणजे मोठी माणसं दिवसभर वावरात आणि लेकरं शाळेत नाहीतर आजीच्या जिवावर. दरवर्षी नेमकं याच दिवसांत हट्ट, भांडणं, रुसव्याफुगव्यांची पत्रं वाढतात, यंदाही वाढली. सगळी घेता येत नाहीत, पण ज्यांचा प्रश्न चार घरांचा असेल अशी निवडली. नावं काढून टाकलीत, तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : ताई नमस्कार. माझा पोरगा साडेचार वर्षांचा आहे. मंगळवारच्या बाजारात नेलं की खाऊच्या पाकिटासाठी, खेळण्यासाठी जमिनीवर लोळते, डोकं आपटते, मले बुक्क्या मारते. लोकं पाहून राह्यले असतात, मेल्याहून मेल्यासारखं होते. मी नाही म्हणते तर सासूबाई कनवटीचे दहा रुपये काढून देतात, म्हणतात "लेकरू आहे, काहून रडवतं व त्याले". मारलं तरी फरक नाही, समजावलं तरी नाही. हा लाडावला का याच्यात काही दोष आहे? – एक आई, दारव्हा तालुका

उत्तर : दोष नाही, आणि लाडाचा वाटाही तुम्हाला वाटतो तेवढा नाही. साडेचार वर्षांच्या लेकराला राग मोठ्या माणसाएवढाच येतो, पण तो आवरायची सोय अजून डोक्यात पुरती झालेली नसते. कपाळामागचा मेंदूचा जो भाग "थांब, विचार कर" म्हणतो तो पूर्ण पिकायला माणसाची पंचविशी उजाडते. असे झटके दोन-तीन वर्षांच्या वयात सगळ्यात जास्त येतात आणि पुढं कमी होत जातात, तुमच्याकडं टिकून राह्यले कारण ते कामी येतात. लोळलं की दहा रुपये. आणि रोज मिळत नाहीत हे तर अजूनच वाईट, कारण कधी मिळतं, कधी मार मिळतो, कधी काहीच नाही, मग त्याला अंदाजच येत नाही किती वेळ रडलं म्हणजे मिळेल, तो आपला रडत राहतो. कधीमधी मिळणाऱ्या गोष्टीची सवय सगळ्यात चिवट असते, हे सट्टा लावणाऱ्या मोठ्या माणसांनाही लागू आहे.

आता करायचं काय. बाजाराला निघायच्या आधी घरीच, ओट्यावर बसून नेमकं सांगा, "शहाण्यासारखा वाग" असं मोघम नाही. आज भाजी घेऊ, चहापत्ती घेऊ आणि तुझ्यासाठी एक गोष्ट, केळं घे नाहीतर फुटाणे, तू ठरव, पाकीट आज नाही. मग त्याच्या हातात खरी पिशवी द्या, दोन कांदे का असेना त्यात, आणि वांग्याचा भाव त्यालाच विचारू द्या, भाजीवाल्या काकू हसून सांगतात. हाताला काम असलं की लोळायचं अर्धं कमी होतं.

तरी लोळेलच. उलट पहिल्या दोन-तीन बाजारांना जास्त लोळेल, मिळणं बंद झालं की आधी जोर वाढतो आणि मग उतरतो, तिथं बरेच मायबाप घाबरून देऊन टाकतात आणि सगळं मुसळ केरात जातं. तुम्ही त्याच्याजवळ खाली बसा. भाषण नको, त्या वेळी कानात काही शिरत नाही. एवढंच म्हणा, "तुले पाकीट पाह्यजे होतं, नाही मिळालं म्हणून राग आला, मी इथंच आहे." डोकं आपटत असेल तर आपला हात मध्ये घाला, बुक्क्या मारत असेल तर हात धरा आणि "मारू देणार नाही" म्हणा, हळू आवाजात. भावनेला नाव दिलं की तिचा जोर थोडा उतरतो हे प्रयोगातही दिसलंय. २००७ साली अमेरिकेत मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं माणसांना रागाचे, भीतीचे चेहरे दाखवले आणि त्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं, तेव्हा मेंदूतलं धोक्याची जाणीव देणारं केंद्र कमी चाळवलं. तो प्रयोग मोठ्या माणसांवर होता, पण आपल्या आज्यांना हे कोणी सांगायची गरज नव्हती, पडलेल्या लेकराला त्या आधी "लागलं का रे माह्या राज्या" असंच म्हणतात.

लोकं पाहतात, पाहू द्या. अर्ध्यांच्या घरी हेच चालू असतं.

सासूबाईंचं मात्र खरं अवघड आहे. बाजारात त्यांच्याशी वाद घालू नका, पोरासमोर तर बिलकुलच नाही. "तुम्ही बिघडवता" म्हटलं की विषय संपला. त्यांचं देणं बंद करू नका, फक्त देण्याची वेळ बदला. सांजच्याला चहा घेता घेता म्हणा, "आई, दहा रुपये तुम्हीच द्या, पण घरून निघताना द्या, रडल्यावर नको, त्यात त्याला जे घ्यायचं ते घेईल." आजीचा मान राहतो, आणि पोराला दहा रुपयांत काय येतं, काय नाही हे कळतं. बहुतेक सासवा याला हो म्हणतात. नाहीच म्हटल्या तर नणंदेला मध्ये घाला, लेकीचं ऐकतात.

एक सांगून ठेवते, पाच वर्षांनंतरही डोकं आपटणं तसंच असेल, किंवा बोलणं वयाच्या मानानं कमी असेल, हाक मारली तर पाहत नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं त्यांना दाखवा, ते फक्त वजन-उंची मोजायला येत नाहीत. अंगणवाडी ताईंना तारीख विचारून ठेवा.

प्रश्न : म्याडम, मुलगा तिसरीत आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पारावर त्यानं शेजारच्या पोराचा लाकडी बैल आपटून शिंग तोडलं, त्याले ढकललं, त्याच्या कोपराले लागलं. त्याचा बाप घरी भांडाले आला. मी चार लोकांसमोर याले पट्ट्यानं मारलं. तवापासून माझ्याशी बोलत नाही आणि शाळेत मारामाऱ्या अजून वाढल्या म्हणून सरांचे फोन येऊन राह्यले. आमच्या बापानं आम्हाले मारूनच वळण लावलं. मारणं सोडलं तर पोरगं हातचं जाईन. – एक शेतकरी, हिंगणघाट तालुका

उत्तर : भाऊ, सगळं लिहिलं तुम्ही, पण त्यानं शिंग काहून तोडलं तेवढं नाही लिहिलं. विचारलंच नसेल. तान्ह्या पोळ्याला काय होतं हे तुम्ही-मी पाहत आलो, एकाचा बैल हातभर उंच, चाकांवर, अंगावर झूल, शिंगाला बेगड, आणि दुसऱ्याचा तीन वर्षांचा जुना, रंग उडालेला. घरोघरी बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागायला गेले की ज्याचा बैल मोठा त्याचं कौतुक आधी, आणि आता तर गावोगावी सजावटीची बक्षिसं ठेवायला लागलेत, माझ्या मते मोठ्यांनी आपली हौस लेकरांच्या अंगावर टाकायची नवीनच तऱ्हा आहे ही. आठ वर्षांच्या पोराला तिथं कोण काय बोललं असेल हे विचारायला पाहिजे होतं. विचारलं म्हणजे शिंग तोडणं माफ झालं असं नाही.

मार दिला की पोरगं त्या घडीपुरतं थांबतं, म्हणूनच आपल्याला वाटतं की मार लागू पडला. पण शिकतं काय, तर राग आला आणि समोरचा आपल्यापेक्षा लहान असला की हात उचलायचा. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लहान मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुल्याला बुक्क्या मारायला, हातोडीनं ठोकायला लावलं. नंतर त्या मुलांना थोडं चिडवून तसाच बाहुला असलेल्या खोलीत सोडलं, तर बऱ्याच मुलांनी जशाच्या तसं केलं, शब्दसुद्धा तेच. शिकवलं कोणीच नव्हतं, फक्त पाहिलं होतं. तुमच्या पोरानं तर पट्टा नुसता पाहिला नाही, अंगावर घेतला. मग शाळेत मारामाऱ्या वाढल्या यात नवल काय?

आणि बापानं मारून वळण लावलं म्हणता ते मला पटत नाही. वळण लागलं असेल ते बापाच्या मागं मागं वखरावर फिरून, बैल पाण्यावर नेऊन, उधारी वेळेवर परत करताना त्याला पाहून. मार जास्त लक्षात राहतो एवढंच.

दोन कामं करा. पहिलं, तुम्ही होऊन बोला. "त्या दिवशी मले लय राग आला, मी तुले सगळ्यांसमोर मारलं, तसं मी नव्हतं कराले पाह्यजे." एवढंच, त्याला "पण तू" असं शेपूट जोडू नका. मग काय झालं होतं ते विचारा आणि चूप बसा. समोर उभं करून विचारलं तर पोरं बोलत नाहीत, गोठ्यात चारा टाकता टाकता, नजर दुसरीकडं असली की बोलतात. त्याच दिवशी नाही बोलला तर दोन दिवसांनी बोलेल.

दुसरं काम म्हणजे ते शिंग. "सॉरी म्हण" हे फुकटातलं काम आहे, पोरं पटकन म्हणतात आणि पळतात. त्यापेक्षा सागाचा छोटा तुकडा घ्या, तासायचं तुम्ही करा कारण हत्यार धारदार, कानशीनं घासून गुळगुळीत करायचं त्याला द्या, हात दुखेपर्यंत घासू द्या. फेविकॉल लावून सुतळीनं आवळून रात्रभर ठेवा, सकाळी रंग द्या, मग बापलेक दोघं जाऊन देऊन या. तो पोरगा घेईल नाहीतर फेकून देईल, त्याच्या बापाचं तोंड वाकडं असेल, ते तुम्ही ऐकून घ्या. दुसऱ्याचा राग अंगावर येतो तेव्हा मोठा माणूस कसा उभा राहतो हे पोराला तिथं पाहायला मिळतं, ते घरी सांगून येत नाही.

सरांना फोनवर नको, शाळेत जाऊन भेटा. "ठोका याले, माझी परवानगी आहे" असं तुम्ही सांगितलं असेल तर ते परत घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत अंगाला शिक्षा करणं आणि मनाला त्रास देणं दोन्हीला बंदी आहे, बापाची परवानगी असली तरी. सरांना एवढं विचारा की भांडण नेमकं कुठं आणि कधी होतं. नळावर? पोषण आहाराच्या रांगेत? सुट्टी झाल्यावर फाटकात? बहुतेक वेळा जागा एकच निघते. नेमकं त्या वेळेला त्याला घंटा द्यायचं नाहीतर ताटं मोजायचं काम दिलं तर अर्धी भांडणं तिथंच मिटतात.

प्रश्न : मुलगा सातवीत, क्रिकेट हरला तरी डोळ्यात पाणी. काका-मामा "पोरीसारखा रडते" म्हणून चिडवतात. कणखर कसा करावा? – वडील, अचलपूर तालुका

उत्तर : रडू द्या आणि दुसऱ्या दिवशी खेळायला जातो का तेवढं पाहा. जात असेल तर कणखरच आहे. काका-मामांची तोंडं बंद करणं हे त्याचं काम नाही, तुमचं आहे. खेळणं-जेवणं-झोप सुटली, मित्र नकोसे झाले, कारण नसताना रोज रडू येतं असं काही असेल तर पुन्हा लिहा, मग ते वेगळं प्रकरण आहे.

प्रश्न : आखाडीच्या सुमारास माझ्या मोठ्या भावानं आत्महत्या केली. पुतण्या दहा वर्षांचा आहे, त्याले आम्ही अटॅक आला असं सांगितलं. तेरवीच्या दिवशीही पोट्टं बाकीच्यांसोबत खेळून राह्यलं होतं, हसून राह्यलं होतं, रडलं नाही. लोकं म्हणाले याले काही वाटत नाही. आता रात्री दोन-तीनदा उठून दाराची कडी पाहते. शाळेत जायच्या वेळी पोट दुखते म्हणते. वहिनी कोणाशीच बोलत नाही. काय करावं समजत नाही. – काका, केळापूर तालुका

उत्तर : भाऊ, पत्र दोनदा वाचलं. तुमच्यावरही भाऊ गेल्याचं ओझं आहे आणि तुम्ही लेकराचं पाहून राह्यले, त्या घरात कोणीतरी हे करणारं आहे हेच त्याच्या नशिबानं चांगलं.

त्याला काही वाटत नाही असं नाही. या वयाचं लेकरू दुःख सलग धरून बसू शकत नाही, ते थोडं येतं, मग खेळतं, मग परत येतं. रडणं डोळ्यांतून नाही आलं तर पोटातून येतं, आणि पोट खरंच दुखतं, ते ढोंग धरू नका. कडी पाहतो कारण एक माणूस गेला, आता दुसरं रात्रीतून जाईल ही धास्ती. झोपायच्या आधी त्याला सोबत घेऊन कडी लावा, दोघांनी हात लावून पाहा, "लागली" म्हणा, आणि रात्री उठला तर रागावू नका.

अटॅकचं खोटं जास्त दिवस टिकणार नाही. गाव आहे, शाळेत कोणी ना कोणी सांगणारच, कदाचित सांगितलंही असेल आणि शाळा नको वाटते ती त्यामुळंच. बाहेरून कळण्याआधी घरातून कळलेलं बरं. तुम्ही आणि वहिनी दोघं मिळून, दिवसाउजेडी, साध्या शब्दांत सांगा: "बाबाचं मन खूप आजारी झालं होतं, जगणं नको वाटलं, म्हणून त्यानं स्वतःचा जीव घेतला. हे तुझ्यामुळं झालं नाही, तुझ्या हातात नव्हतं. आई आणि मी तुझ्याजवळ आहो." तुझ्यामुळं नाही हे पुन्हा पुन्हा सांगावं लागेल, कारण लेकरं मनात धरून बसतात की मी त्या दिवशी वह्यांसाठी हट्ट केला होता म्हणून. कसं केलं याचा तपशील नको, आणि कर्जाचा, बँकेचा हिशोब त्याच्या कानावर घालू नका. विचारेल तेवढंच सांगा, पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगा.

भेटायला येणारे लोकं "आता तूच घरचा कर्ता" म्हणतात ते मात्र दारातच थांबवा, मोठ्यानं म्हणा की "कर्ता मी आहे, तो पाचवीत आहे."

शाळा एकदम पूर्ण नको, आधी अर्धा दिवस. वर्गशिक्षकांना सगळं सांगा, जवळच्या मित्राशेजारी बसवायला सांगा, वर्गात वडिलांवर निबंध, वडिलांचा व्यवसाय असं काही निघणार असेल तर आधी त्याच्याशी बोलून घ्यायला सांगा. पोट दुखलं तर कोणाकडं जाऊन बसायचं हे त्याला माहीत असलं की दुखणं हळूहळू कमी होतं.

वहिनींची मला जास्त काळजी वाटते. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, तुम्ही आधी स्वतः लावा आणि मग त्यांच्या हातात द्या. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात, तिथं सोबत घेऊन जा. पुतण्या किंवा वहिनी "मले पण त्यांच्याजवळ जायचं" असं काही बोलले तर त्याच दिवशी तिथं न्या, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, आणि एकटं सोडायचं नाही. फवारणीचं औषध त्या घरात ठेवूच नका, दुसरीकडं कुलपात ठेवा. हे आजच करा.

प्रश्न : दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे. कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारी पहिलीतली मुलगी शाळा सुरू झाल्यापासून एक शब्द बोलली नाही. हजेरीलाही मान खाली. पोडावर गृहभेटीला गेले तर तीच मुलगी ओरडत पळत होती, मला पाहिलं आणि चूप. वर्गातली मुलं तिला मुकी म्हणतात. निपुणच्या (वाचन-गणिताच्या सरकारी उपक्रमाच्या) चाचणीत तिच्या नावापुढं काय लिहू? – शिक्षिका, झरी जामणी तालुका

उत्तर : म्याडम, चाचणीत काय लिहायचं ते केंद्रप्रमुखांना विचारा, पण "येत नाही" असं लिहू नका, कारण तिला काय येतं हे अजून कोणी पाहिलंच नाही. पोडावर ओरडत होती म्हणता, म्हणजे तिचा आवाज शाबूत आहे, भाषाही शाबूत आहे, ती कोलामी आहे एवढंच. शाळेत पहिल्यांदाच दुसरी भाषा पडली की बरीच लेकरं काही महिने नुसती ऐकतात, आत साठवत असतात. जूनच्या शेवटी शाळा उघडली, मध्ये सुट्ट्या, तिचं ऐकणं अजून चालू आहे असं धरा.

तरी कान तपासून घ्या आधी. सर्दी-कान फुटणं आपल्याकडं नेहमीचं, आणि एका कानानं कमी ऐकणारं लेकरू शहाणं समजलं जातं कारण ते गोंधळ करत नाही. आरोग्य पथक शाळेत येतं तेव्हा तिचं नाव आधीच सांगून ठेवा.

घरी व्यवस्थित बोलतं आणि शाळेत अजिबात नाही, असं महिनोन्महिने चालत राहिलं, घरच्या भाषेतसुद्धा शाळेच्या आवारात तोंड उघडत नाही, असं असेल तर ती एक प्रकारची भीती असते, हट्ट नाही. हे कसं ओळखायचं? मधल्या सुट्टीत ती पोडावरच्या दुसऱ्या मुलीशी कोलामीत कुजबुजते का ते लांबून पाहा. कुजबुजत असेल तर प्रश्न भाषेचा, घाई करू नका. तिथंही चूप असेल तर दिवाळीनंतर डॉक्टरांना दाखवा.

दोन्हीत वर्गात करायचं तेच. तिला बोलायला लावायचं नाही आणि बोलली तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, टाळ्यांनी अशी लेकरं पुन्हा महिनाभर बंद होतात. हजेरीला हात वर केला तरी चालेल असा नियम सगळ्यांसाठीच करा, तिच्या एकटीसाठी नको. पोडावरच्या तिच्या बहिणीला नाहीतर मैत्रिणीला शेजारी बसवा, वर्ग वेगळा असला तरी, दोन शिक्षकी शाळेत तेवढं करता येतं. बिनबोलायची पण मानाची कामं द्या, ताटं वाटणं, खडू आणणं, झाडाला पाणी. आणि तुम्ही स्वतः दहा-पंधरा कोलामी शब्द तिच्याकडून नाही, तिच्या आईकडून शिका आणि वर्गात वापरा. तुमचा उच्चार चुकेलच, पोरं हसतील, हसू द्या, ती पहिल्यांदा तोंड उघडेल ते बहुतेक तुम्हाला दुरुस्त करायलाच. पाणी, ये, बस, जेवली का, एवढ्यानं सुरुवात होते.

मातृभाषेतून शिकवा हा ठराव १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्याच वर्ध्यात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या शिक्षण परिषदेत झाला होता, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा असंच म्हटलंय. कागदावर आपण बरेच पुढं आहो. पोडावरची शाळा मात्र तुमच्या हातात आहे.

"मुकी" म्हणणाऱ्यांवर ओरडू नका. एक दिवस सगळ्या वर्गाला न बोलता खेळ खेळायला लावा, फक्त खुणा करून, जो बोलला तो बाद. त्या दिवशी जिंकणार कोण हे तुम्हाला माहीतच आहे.

प्रश्न : मोबाईल किती वेळ द्यावा? – बऱ्याच जणांचं, सगळ्या जिल्ह्यांतून

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं ते असं : एक वर्षाच्या लेकराला बिलकुल नाही, दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसातून एक तासाच्या वर नाही, कमी तेवढं बरं. मोठ्या पोरांचं घराघरानं ठरवा, पण जेवताना नको, आणि रडणं थांबवायला तर नकोच, कारण मग राग आला की स्क्रीन एवढाच उपाय डोक्यात बसतो. बाबा स्वतः जेवताना रील पाहत असतील तर हा नियम घरात लागू करायच्या फंदात पडू नका.

प्रश्न : नात अकरा वर्षांची, सहावीत आहे. सोंगणी-वेचणीच्या दिवसांत आम्ही सगळे वावरात जातो, ती साडेतीन वर्षांच्या भावाले पाहते, भाकरी टाकते, आठवड्यातून दोन-तीन दिवसच शाळेत जाते. लय समजूतदार आहे, कधी हट्ट नाही, रुसवा नाही, सगळे नाव काढतात. परवा शेजारच्या पोरी भुलाबाईले बोलवाले आल्या तर म्हणे मले काम आहे. मले कसंतरीच झालं. आमचं काही चुकून राह्यलं का? – आजी, दिग्रस तालुका

उत्तर : आजी, तुम्हाला कसंतरी झालं ते बरोबरच झालं. कामानं लेकरू बिघडत नाही, उलट शेण काढणारी, पाणी भरणारी लेकरं दुसऱ्याचं दुखणं लवकर ओळखतात. पण काम संपलं की लेकरू पळालं पाहिजे. ती पळत नाही, बसून राहते, हे काळजीचं आहे. जी पोरगी कधीच हट्ट करत नाही तिला काही नकोच आहे असं नसतं, मागून उपयोग नाही हे तिनं ठरवून टाकलेलं असतं. सगळ्यांनी नाव काढलं की ते अजून पक्कं होतं, म्हणून थोडे दिवस "किती समजूतदार" म्हणणं बंद करा, त्याच्या जागी "आज थकली का" विचारा.

कायदाही तुमच्या बाजूनं नाही, बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं घरच्या कामात लेकरांची मदत चालते, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत, शाळा बुडवून नाही.

तुम्ही म्हणाल कायदा वेचणी करायला येतो का, खरं आहे. तर असं करा. नातू साडेतीनचा म्हणजे अंगणवाडीत बसतो, तिथं त्याला खाऊ पण मिळतो, सकाळी त्याला तिथं सोडून ती शाळेत जाईल. राह्यला प्रश्न अंगणवाडी सुटल्यापासून तुम्ही परत येईपर्यंतचा. शेजारच्या तीन-चार घरांचं हेच असेल. चौघींनी मिळून रोज एकीनं मागं थांबायचं, सगळ्यांची लहानी लेकरं तिच्याकडं. वेचणी किलोवर असते म्हणून ज्या गेल्या त्यांनी थांबलेलीला आपल्या वेचणीतून थोडे थोडे पैसे द्यायचे, नाहीतर चौथ्या दिवशी कोणी थांबत नाही. हे आधीच, वेचणी लागायच्या आधी बसून ठरवा, भरात आल्यावर कोणाला वेळ नसतो. ज्या घरी म्हातारं माणूस आहे आणि वाकवत नाही, त्यांनी कायम थांबलं तर अजून सोपं.

आणि भुलाबाई कोजागिरीपर्यंत आहेत. "जा खेळ" म्हणून ती जाणार नाही, तिच्या कडेवरचा भाऊ तुम्ही घ्या आणि तिला हाताला धरून त्या अंगणात सोडून या, पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसेल, बसू द्या. एक दिवस खिरापत तुमच्या घरची ठेवा. काय करायचं ते तिला ठरवू द्या, लागेल ते सामान आणून द्या, आणि डबा कोणी उघडून पाहिला तर भांडायची परवानगी आहे असं सांगा. तुम्ही पाहायला गेल्या तरी.